रॉकेलवर बंद केलेलं इंजिन

माजलगाव धरणाचं पाणी अडलं तेव्हा गाव अलीकडे आलं आणि निम्मी जमीन पलीकडे राहिली. रस्त्याने शेतात जायचं तर सकाळ सगळी वाटेतच मोडायची. म्हणून किराणा दुकानदार धोंडप्पांच्या थोरल्या मुलाने, विश्वेश्वरने, बदली होऊन निघालेल्या एका साहेबाची शिडाची जुनी होडी घेतली. साहेबाची ती हौस होती. विश्वेश्वरने शीड उतरवून त्याचा दुकानापुढे मांडव घातला आणि आतल्या पेट्रोलच्या इंजिनावर पैसे घेऊन गावची माणसं पलीकडे पोचवायला लागला.

रोज पेट्रोल जाळायला तो काही साहेब नव्हता. तेलगावच्या मिस्त्रीकडून त्याने रॉकेलची दुसरी टाकी बसवून घेतली. इंजिन सुरू करायचं पेट्रोलवर आणि तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं. विहिरीवरची इंजिनं अशीच तर चालत. पथ्य एकच होतं. काठ जवळ आला की कॉक पुन्हा पेट्रोलकडे वळवायचा, आतलं रॉकेल जळू द्यायचं आणि मगच इंजिन बंद करायचं. नाहीतर कार्बोरेटरच्या वाटीत रॉकेल राहतं, आणि थंड इंजिनात ते सकाळी काही केल्या पेट घेत नाही.

विश्वेश्वर तापाने गेला. त्याला माती देऊन आल्यावर धोंडप्पा चार माणसांसमोर सुनेला म्हणाले, "नीलम्मा, होडी चालतीया तवर तुझी. तिचं उत्पन्न तुझं. बंद पडली की मग घरची." माणसं म्हणाली, सासरा असावा तर असा. नीलम्मालाही तसंच वाटलं. ओंजळभर का होईना, या घरात तिचं स्वतःचं काही राहणार होतं.

चालवायला बसला धाकटा दीर श्रीशैल. आयत्या बिळावर नागोबा. दिवाळीपर्यंत बरं चाललं. मग 'घरची' म्हणजे कुणाची, हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तेव्हापासून होडी सकाळी उठेनाच. श्रीशैल चार वेळा दोरी ओढायचा, कपाळ पुसायचा आणि म्हणायचा, "मॅग्नेटो गेलाय." डबे घेऊन उभ्या बायका माघारी फिरायच्या. दुपारी उन्हाने इंजिन तापलं की ते कसंबसं लागायचं आणि एखादी खेप व्हायची.

नीलम्मा संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडत बसे. विश्वेश्वरच्या वेळी काठाजवळ इंजिनाचा आवाज बदलायचा, घोगरा जाऊन मोकळा व्हायचा. तो ऐकला की ती चुलीवर चहा टाकायची. आता आवाज घोगराच येई आणि घोगराच बंद पडे. तिने श्रीशैलला समजावून सांगितलं. एकदा नाही, तीनदा. तो दरवेळी मान डोलवायचा. "व्हय वैनी. करतो की."

शेवटी धोंडप्पांनी माजलगावहून शहादेव भंगारवाल्याला बोलावलं. तो यायचा त्या सकाळी नीलम्मा नवऱ्याची पान्यांची पिशवी काखोटीला मारून काठावर गेली. तिथे पारूबाई होती. पलीकडे कापूस वेचायला जाणारी, होडीची वाट पाहणारी एकटीच उरलेली.

"मावशी, दोरी ओढता का?"

"वढते की. पर तुला येतंय का गं हे?"

"बघून बघून जेवढं आलं तेवढं."

तिने प्लग काढला. काळा आणि ओला. नाकाशी धरला तर रॉकेलचा भपकारा. प्लगला वायर लावून तो इंजिनाच्या लोखंडावर टेकवला, वरून पदराची सावली धरली आणि पारूबाईला खूण केली. दोरी ओढली तशी पदराआड निळी ठिणगी पडली. ठिणगी देणारा मॅग्नेटो धडधाकट होता. मग तिने कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडला. निघालं ते सगळं रॉकेल. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली, की हे कळत असूनही आपण इतके दिवस ओट्यावर बसून राहिलो.

वाटी पुसून तिने कॉक पेट्रोलकडे वळवला. जरा लांब काटक्या पेटवून प्लग शेकला आणि बसवला. पहिल्या दोरीला काही नाही. दुसरीला इंजिन खोकललं. तिसरीला धूर सोडून लागलं ते चालूच राहिलं. पारूबाई हसली, आणि किती दिवसांनी नीलम्माही हसली.

आवाजाने तिघंही आले, धोंडप्पा, श्रीशैल आणि शहादेव.

"मामा, इंजिन चांगलं हाय," नीलम्मा म्हणाली. "रॉकेलवर बंद करत व्हते म्हणून अडत व्हतं."

धोंडप्पांनी श्रीशैलकडे पाहिलं.

"मला कुणी सांगितलंच न्हाई," श्रीशैल म्हणाला. "वैनीला ठावं व्हतं तर गप कावून बसल्या?"

चोराच्या उलट्या बोंबा. नीलम्माने तोंड उघडलं, पण सासऱ्यांच्या कपाळावरची आठी आता तिच्यासाठी होती. इतक्यात शहादेवने इंजिनावर हात ठेवला.

"आप्पा, हे भंगार न्हाई. गेवराईचे वाळूवाले असली होडी हुडकायलेत. लई चांगला भाव दिऊ."

धोंडप्पांची आठी गेली. "मग तसंच करू."

"मामा, चालतीया तवर माझी म्हणला व्हता तुमी."

"म्हणलो व्हतो. मी कुठं न्हाई म्हणतो?" ते समजुतीने म्हणाले. "पर चालवतो तो श्रीशैल. तू बाई माणूस, ह्या पाण्यात कुठवर वढणार? तुला घरात काय कमी हाय?"

ते खरंच मायेने बोलत होते.

शहादेव मघापासून इंजिन न्याहाळत होता. "चालू व्हतंय हे दिसलं. अन् बंद करताना काय करायचं?"

"काठ आला की आदी कॉक पेट्रोलवर घ्यायचा," श्रीशैल पटकन म्हणाला. "आवाज मोकळा झाला की समजायचं आतलं रॉकेल जळलं. मग बंद करायचं. विसरलात तर सकाळी उठायची न्हाई."

पारूबाईने चमकून नीलम्माकडे पाहिलं. नीलम्माने धोंडप्पांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. चांगलं ऐकलं होतं.

"चला शहादेव," धोंडप्पा म्हणाले, "चहा घेऊ. नीलम्मा, टाक बरं चार कप."