गालावर उमटलेली जाळी

मित्रांनो, पनवेलच्या एका दुमजली घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी मी उभी आहे. मी एक जुनी छत्री आहे. पावसात नेतात ती नव्हे. आभाळातून टीव्हीची चित्रं पकडते ती, पुरुषभर उंचीची, जाळीची. आता माझी जाळी गंजली आहे, पण मनातली एक गोष्ट अजून ताजी आहे. ती आधीच सांगून टाकते. मला खालच्या टीव्हीचा हेवा वाटतो. फार वाटतो.

माझा जन्म तळोज्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे पट्ट्या वाकवल्या, जाळी ताणली, वरून चंदेरी रंग मारला. नवी होते तेव्हा उन्हात इतकी चमकायचे की समोरच्या इमारतीतल्या बायका डोळ्यांवर हात धरून बघायच्या. मला विकत घेतलं अलीने. अली कुवेतला इलेक्ट्रिशियन होता आणि रजा संपवून परत निघाला होता. जाण्याआधी त्याला घरासाठी एक गोष्ट करून ठेवायची होती.

तो त्याच्या बायकोला, झुबेदाला म्हणाला, “मी तिकडे कॅम्पात जे चॅनल बघतो ना, तेच इथे लागलं पाहिजे. पोरींचं इंग्रजी सुधारेल, दीन-धर्माच्या चार गोष्टी कळतील. आणि मी तिकडे बघतोय तेच तुम्ही इकडे बघताय, एवढं तरी राहील.”

मला बसवायला जगन नावाचा डिशवाला आला. छत्री बसवणं हे एकट्याचं काम नसतं, मित्रांनो. एक जण गच्चीवर मला हलवतो, एक जण जिन्यात उभा राहतो आणि एक जण टीव्हीसमोर. टीव्हीसमोरचा ओरडतो, जिन्यातला ते वर पोहोचवतो. त्या दिवशी टीव्हीसमोर हादिया होती, अलीची थोरली मुलगी. जिन्यात अली होता.

“आलं!” “गेलं!” “मुंग्या आल्या!” “थोडं मागे घ्या!” अशी दुपार गेली. शेवटी कर्नाळ्याच्या सुळक्याच्या उजव्या अंगाला, आभाळात खूप उंच, माझी नजर त्या उपग्रहाला भिडली. खाली एकच गलका झाला, “आलं! आलं! अगदी साफ!”

सगळे खाली पळाले. जगनसुद्धा. मी वाट बघत राहिले, की कुणीतरी वर येऊन मलाही शाबास म्हणेल.

कुणी आलं नाही. माझ्या हेव्याची सुरुवात तिथून झाली.

ते चॅनल होतं मुसलमान घरांसाठीचं, पण बोलायचं इंग्रजीतून. लांबच्या देशांतल्या शहरांतली, डोक्याला पांढऱ्या टोप्या नि रुमाल बांधलेली मुलं त्यावर गोष्टी सांगायची. कुणी फोनवरून प्रश्न विचारायचं आणि दाढीवाले गुरुजी शांतपणे उत्तर द्यायचे. घरात त्याला ‘अलीचं चॅनल’ म्हणत. अलीच्या आईला, म्हणजे दादीला, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण ती रोज दुपारची नमाज झाली की तसबीह, म्हणजे जपाची माळ घेऊन समोर बसायची.

“काय बोलतो गो तो?” ती हादियाला विचारायची.

“दादी, तो म्हणतोय की आजीने नातीला रोज कुल्फी द्यावी. सवाब, पुण्य मिळतं.”

“असं? आणि नातीने आजीचे पाय दाबावेत, ते नाय बोलला?”

“ते जाहिरातीनंतर सांगतील.”

झुबेदा स्वयंपाकघरातून हसायची. हे सगळं मला, माझी केबल जिथून आत जायची त्या खिडकीतून ऐकू यायचं. ऐकू यायचं, दिसायचं काहीच नाही. प्रत्येक चित्र आधी माझ्या जाळीवर पडायचं, मगच त्या टीव्हीच्या काचेत जायचं. पण टीव्हीला दादीने स्वतः विणलेलं लोकरीचं आच्छादन होतं, वर प्लॅस्टिकची फुलं होती आणि ईदच्या आधी त्याची काच ओल्या कपड्याने पुसली जायची. माझ्यावर कावळे बसायचे. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ माझ्यावर साचायची. तुम्हीच सांगा, हेवा वाटणार नाही तर काय?

अली गेला आणि काही महिन्यांनी घरात रिदा जन्मली. तिने बापाला कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा हातातल्या फोनवर चेहरे दिसत नसत. शुक्रवारी दिवाणखान्यातला लाल फोन वाजायचा, झुबेदा तो तिच्या कानाला लावायची आणि म्हणायची, “अब्बा.” रिदाची समजूत झाली की अब्बा म्हणजे तो लाल फोनच. ती त्याचा पापा घ्यायची, आपल्या बाहुलीची चादर त्याच्यावर घालायची. भिंतीवर अलीचा फोटो होता, पण तो छातीपर्यंतचाच. फोटोतला माणूस आणि फोनमधला आवाज, हे दोन तिने कधी जोडलेच नाहीत. झुबेदा हे बघायची आणि गच्चीवर कपडे वाळत घालताना एखादा कपडा उगाच पुन्हा पुन्हा झटकायची.

रिदा तीन वर्षांची असताना, रमजानमध्ये, अलीचा फोन आला.

“या ऐतवारी टीव्ही लावून बसा, संध्याकाळी, मगरिबच्या आधी. आमच्या इफ्तारच्या मंडपात चॅनलवाले आले होते. माझ्याशी पण बोलले. इंग्रजीत!”

“तुम्ही काय बोललात?” झुबेदाने विचारलं.

“ते आता सांगत नाय. बघाच. आणि रिदाला अगदी पुढ्यात बसव.”

घरात ईद आधीच आल्यासारखं झालं. दादीच्या मनात मात्र अजून एक गोष्ट होती. ईदनंतर मोहल्ल्यातला एक जण कुवेतला जाणार होता. आपल्याकडे कुणी गल्फला निघालं की त्याच्या पेटीत निम्मं सामान दुसऱ्यांचंच असतं. दादीला अलीसाठी सुके बोंबील पाठवायचे होते, आणि तेही बाजारचे नव्हे, घरच्या उन्हात वाळवलेले.

त्याच रविवारी सकाळी सोनाबाई ताजे बोंबील घेऊन आली. ती उरणची कोळीण, या घराची जुनी मासळीवाली. अलीला तिने चड्डीत फिरताना पाहिलेलं. तिने बोंबलांच्या जोड्या केल्या, तोंडात तोंड अडकवून, आणि गच्चीवर दोरी शोधू लागली. मांजरं पोहोचणार नाहीत अशी उंच जागा हवी होती. दोरीचं एक टोक टाकीच्या पायपाला बांधलं. दुसरं माझ्या वरच्या कडेला.

“अम्मा, डिशला नको,” झुबेदा म्हणाली.

“एवढ्याशा बोंबलांनी काय होतंय? वाळला की पानासारखा हलका,” दादी म्हणाली.

“दोरी ताठ पायजे,” सोनाबाईने गाठ आवळली. “नायतर एकाला एक चिकटतील.”

वाळलेला बोंबील हलका, हे खरंच. पण टांगताना तो पाण्याने भरलेला असतो, हे त्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या मानेतला बोल्ट तीन पावसाळ्यांत गंजून झिजला होता. मी खूप धरून ठेवलं. मित्रांनो, टीव्हीचा हेवा करते म्हणून मी मान टाकली, असं समजू नका. खरंच नाही. संध्याकाळी उतरत्या उन्हात बोल्ट सरकला आणि मी पुढे वाकले.

खाली टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

“अम्मी! गेलं!” हादियाची किंकाळी ऐकू आली.

जगनचं घर बंद होतं, तो गावी गेला होता. झुबेदा धावत वर आली. मागोमाग सोनाबाई. ती बोंबील उलटायला म्हणून नुकतीच आली होती. झुबेदाने सोनाबाईच्या कोयत्याने दोरी कापली. सगळे बोंबील लादीवर पडले. तिने तिकडे पाहिलंही नाही. माझी वरची कड धरून तिने मला मागे ओढलं.

“हादिया, खिडकीत उभी राहून सांग! सोनाबाई, तुम्ही जिन्यात!”

“मी? बरं बाय, राहते. ए हादिया, मोठ्यानी बोल गो!”

“सुळका…” झुबेदा पुटपुटली, “सुळक्याच्या उजवीकडे… उंच…” ती समोर आली असती तर माझं आभाळ झाकलं गेलं असतं, म्हणून मागेच उभी राहिली. माझ्या पाठीला गाल लावून, हळूहळू.

“मुंग्या!” खालून.

“मुंग्या हायत!” जिन्यातून.

“आलं!”

“आला गो आला! हलू नको!”

तिने हात सैल केले. मी पुन्हा वाकले.

“गेला!”

तिने पुन्हा ओढलं. पुन्हा आलं. मग तिला कळलं, आणि मलाही. तिने सोडलं की चित्र जाणार होतं. बोल्ट आवळायला पाना नव्हता, वेळही नव्हता. तिच्या जागी उभं राहील असं वर दुसरं कोण होतं? म्हाताऱ्या सोनाबाईला माझा भार पेलला नसता.

“अम्मी, सुरू झालं! अब्बा आत्ता येतील! तू ये ना खाली!”

झुबेदाने एकदा जिन्याच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “रिदाला पुढ्यात बसव.”

आणि मला घट्ट धरून ठेवलं.

पुढचं तिने पाहिलं ते असं, जिन्यातून आलेल्या सोनाबाईच्या आवाजात.

“मंडप हाय मोठा. लोकं बसलीत रांगेन. आता एक माणूस… आला! झुबेदा, तुझा अली आला गो!”

“कसे दिसतात?”

“ए हादिया, कसा दिसतो ता विचारते! …निळा शर्ट हाय. बारीक झालाय बोलते. केस गेलेत थोडं.”

“आणि रिदा?”

सोनाबाई विचारायला खाली वाकली. मग एकदम रिदाचा आवाज, इतका मोठा की वर थेट ऐकू आला, “अब्बांना पाय आहेत!”

सोनाबाईने इमानाने तेही वर पोहोचवलं. “तुझ्या नवऱ्याला पाय हायत गो!” आणि पदर तोंडाला लावून ती हसू लागली, नाहीतर रडू लागली, मला नीट कळलं नाही.

झुबेदाने माझ्या कडेवरची पकड बदलली. पण चित्र हललं नाही. ते मी हलू दिलं नाही.

“इंग्रजीत काय बोलले?” तिने विचारलं.

हादियाने या वेळी एक शब्दही मनाचा घातला नाही. सोनाबाईने जसंच्या तसं सांगितलं, “बोलतो, माझा घर पनवेलला हाय. आता माझ्या घरची सगळी मला बघत असतील.”

“सगळी,” झुबेदा हळूच म्हणाली. तिचा गाल माझ्या जाळीवर अजून दाबला गेला. जाळी ओली झाली.

तेवढ्यात मशिदीतून मगरिबची अजान झाली. टीव्हीवर अलीचे सोबती अजून दिसत होते म्हणून तिने मला सोडलं नव्हतं. सोनाबाई खाली गेली, हात धुऊन दादीकडून खजूर घेऊन आली.

“तोंड उघड. हात धुतलान, पण वास असल मासळीचा.”

“असू दे,” झुबेदा म्हणाली. आणि तिने दोन्ही हात माझ्यावर ठेवूनच रोजा सोडला.

ती खाली गेली तेव्हा काय झालं तेही मी ऐकलं. दादी म्हणाली, “पोरी, गालावर काय हे?” मग इफ्तारची भांडी उचलल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने दादी म्हणाली, “मी बांधू द्यायला नको होती दोरी.” झुबेदा म्हणाली, “अम्मा, बोंबील धुऊन घेते. उद्या गॅलरीत वाळवू.”

बोंबील कुवेतला पोहोचले. पुढच्या वर्षी अली रजेवर आला तेव्हा रिदाने आधी त्याचे पाय पाहिले आणि मग त्याच्या कडेवर गेली.

आता घरावर छोटी, गोल, गुळगुळीत डिश आहे. तिचाही मला हेवा वाटतो. अलीचा चेहरा आता झुबेदाच्या हातातल्या मोबाइलमध्ये रोज येतो. ते चॅनल कधीच बंद झालं. मला भंगारात द्यायची गोष्ट निघते, पण झुबेदा म्हणते, “राहू दे, कपडे वाळत घालायला होते.”

त्या संध्याकाळची गोष्ट निघाली की घरात अजून म्हणतात, टीव्हीने अलीला घरात आणलं. रिदाने काचेचा पापा घेतला होता, तोही टीव्हीलाच मिळाला. मिळू दे. झुबेदाच्या गालावर जी जाळी उमटली होती, ती मात्र माझी होती.

मित्रांनो, एवढंच मागते. तुम्ही सगळे मिळून काही छान बघत असाल, हसत असाल, तेव्हा एकदा मान वळवून बघा, कोण आलेलं नाही. ते जिथे असेल तिथे जा. त्याच्या हातात जे असेल, ते थोडा वेळ तुम्ही धरा. आणि म्हणा, “जा, आता तू बघ.”