एका बाहीचा शर्ट

मित्रांनो, मी एक जुना शर्ट आहे. सुती, निळ्या चौकड्यांचा, पूर्ण बाह्यांचा. निदान या उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत तरी पूर्ण बाह्यांचा होतो. त्यानंतर जे झाले, त्या धक्क्याने पडलेली सुरकुती इस्त्रीनेही गेलेली नाही.

शिंप्याने मला बेतले ते या घरच्या बाबांसाठी. ते टपाल कचेरीत खिडकीवर बसत. कॉलर झिजली तेव्हा त्यांनी मला टाकले नाही. शिंप्याने ती उसवली आणि उलटून पुन्हा शिवली. विरलेली बाजू आत, धड बाजू बाहेर. बरीच माणसेही असेच करतात, पण शर्टाला ते शोभून दिसते.

बाबा निवृत्त झाले, पोट पुढे आले, बटणे ताणली जाऊ लागली आणि मी त्यांच्या थोरल्या लेकीकडे आलो. ती एका कंपनीत हिशेब पाहते. उन्हाळ्यात कामावरून घरी आली की आधी मला अंगात घालायची, मग पाणी प्यायची. तोंडाने कौतुक कोणी करत नाही. पण कोण कोणाला किती वेळा जवळ करते, हे आम्हा कपड्यांच्या बरोबर ध्यानात राहते.

यंदा थोरलीने ठरवले, की उन्हाळ्यात मोजकेच कपडे ठेवायचे. वरचा कोणताही खालच्या कोणत्याही कपड्याशी जमला पाहिजे. खरेदी कमी, पृथ्वीवरचा भार कमी. ऐकून मी सुखावलो. मोजक्यांत माझा नंबर पहिला, हे काय सांगायला हवे?

तिने सगळे कपाट पलंगावर ओतले. कधीच न घातलेले रेशमी जाकीट ‘लागेल कधीतरी’ म्हणून राहिले. मला उचलून तिने दोन-तीन पँटींवर धरले आणि म्हणाली, “चौकडी कशावरच जात नाही.” मी थेट टाकायच्या पिशवीत.

बाबा दारातून बघत होते. “अगं, रोज तर हाच असतो तुझ्या अंगात.”

“घरात, बाबा. पण तो कशाशीच जमत नाही.”

“मी तरी कुठे जमतो? मलाही घाल पिशवीत.”

दोन दिवसांत खोके आले. कमी खरेदीच्या निश्चयासाठी केलेली ती खरेदी बघून माझे धागे ताठ झाले. सगळे कपडे दुधावरच्या सायीच्या रंगाचे. त्यांतल्या एका शर्टाची कॉलर चक्क झिजलेली होती. कारखान्यातच, मुद्दाम. माझी कॉलर झिजायला बाबांची अर्धी नोकरी गेली. हे महाशय झिजूनच जन्माला आले होते.

टाकायचे कपडे कोणाकोणाला देऊन झाले. आईने मला तेवढे मागे ठेवले. मला वाटले, माया. पण तिने कात्री काढली. आधी बटणे कापून डबीत टाकली, मग माझी उजवी बाही खांद्यापासून उतरवली. ती काठीला बांधली आणि छताचा पंखा पुसला. बाही वर गेली तेव्हा निळी होती, खाली आली ती काळीठिक्कर. मित्रांनो, आपलाच हात आपल्यासमोर पंखा पुसतो आहे, हे तुम्ही कधी पाहिले आहे?

त्याच संध्याकाळी थोरलीचे नवे कपडे दोरीवरून उतरले. सायीच्या रंगाचे, आणि बाहुलीच्या मापाचे.

“आई, हे कसे धुतलेस?”

“गरम पाण्यात, सगळे एकत्र. सगळे एकमेकांशी जमतात, असं तूच म्हणालीस ना?”

दुसऱ्या दिवशी थोरलीला साहेबांपुढे वर्षाचा हिशेब मांडायचा होता. कचेरीत उकाडा, आणि उरले होते ते रेशमी जाकीट. तिने ते उचलले आणि परत ठेवले. मग हळूच म्हणाली, “बाबांचा शर्ट कुठे आहे?”

आईने पंख्याकडे बघितले. काठीकडे बघितले. थोरलीच्या चेहऱ्याचा रंग उडाला; तिलाही एवढा धक्का बसेल, असे मला वाटले नव्हते.

“आता दुसरी पण काप,” बाबा म्हणाले. “उन्हाळाच आहे.”

आईने डावी बाही कोपराच्या वर कापली. त्या तुकड्यातून उजवीकडे आखूड बाही जोडली, काठ दुमडले, बटणे परत लावली. सकाळी थोरली मला घालून गेली. घाम मी टिपला, हिशेब तिने मांडला.

घरी आल्यावर म्हणाली, “सगळे विचारत होते, कुठून घेतलास.”

“मग काय सांगितलंस?” बाबांनी विचारले.

“म्हटलं, आता मिळत नाही.”

तेव्हा मित्रांनो, कपाट हलके करायचे तर जरूर करा. पण आरशाला विचारू नका, अंगाला विचारा, गेल्या उन्हाळ्यात ते कोणाला शोधत होते. आणि उत्तर येईपर्यंत कात्री कोणाच्या हाती लागू देऊ नका.

काल आई पुन्हा पंखा पुसत होती. थोरली खालून जात होती, मी तिच्या अंगावर. माझी जुनी बाही काठीवर. अगदी जवळून गेलो. दोघांनीही ओळख दाखवली नाही.