बोलक्या वर्गातला सर्व्हर

मित्रांनो, त्या कोपऱ्यातल्या बाकाखाली जरा वाकून पाहा. कापडी खोळ पांघरून गुरगुरणारा काळा डबा दिसतोय ना, तोच मी. लोक मला सर्व्हर म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण अंगावर पोचे पडलेत आणि पंखा आता म्हाताऱ्यासारखा खोकतो. तरी माझं बरं चाललंय.

मी मूळचा एका कचेरीतला. तिथे मी वर्षानुवर्षं पगाराचे हिशेब केले. मग माझ्यापेक्षा चपळ यंत्र आलं आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. कुणीतरी माझ्या डोक्यावर मोडकी छत्री ठेवली आणि मला विसरून गेलं. पुढे एकदा आवराआवर निघाली आणि कचेरीनं मला एका शाळेला देऊन टाकलं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांची ती शाळा होती.

तिथल्या संगणकाच्या बाईंनाही जन्मापासून दिसत नाही. मला टेबलावर ठेवताच त्यांनी माझ्या अंगावरून बोटं फिरवली. मागच्या एकेका भोकात बोट घालून पाहिलं, धुळीनं शिंकल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, हा कामाचा आहे हं!"

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. आयुष्यभर शिवणकाम केलेले, मापं घेता घेता इंग्रजी अक्षरं शिकलेले. लेकीला लहानपणी बोट धरून शाळेत आणत, आता ती शिकवायला लागली तरी रोज तिच्यासोबत येत. माझी ही खोळ त्यांनीच शिवली. पंख्यापाशी भोक ठेवलं आणि त्याला शर्टाच्या काजासारखी गोट मारली.

त्या वर्गात सगळे संगणक बोलतात. मूल कळ दाबतं आणि कानात अक्षर ऐकू येतं. पण तेव्हा त्या संगणकांच्या डिस्क एकामागून एक बिघडत होत्या. बाईंनी डोकं लढवलं. बिघडलेल्या डिस्क काढून टाकल्या आणि सगळ्यांसाठी लागणारं सामान एकट्या माझ्या पोटात भरलं. तेव्हापासून सकाळी संगणक सुरू झाला, की तारेतून हाक मारतो, "कुणी आहे का?" मी त्याला पत्ता देतो आणि सुरुवातीची एक छोटी फाइल देतो. तिचं बोट धरून तो उभा राहतो आणि बाकीचं सामान माझ्याकडून मागून घेतो. थोड्या वेळानं त्याला कंठ फुटतो, "नमस्कार, मी तयार आहे." याला नेटवर्कवरून सुरू होणं म्हणतात. एकदा आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "हे कुठल्या इंजिनियरकडून करून घेतलं?" अप्पा ऐटीत म्हणाले, "घरच्याच!"

एकच दुखणं होतं. संगणकांपेक्षा मुलं दुप्पट. एका संगणकावर दोघं, हेडफोन एकच. डावा कान तुझा, उजवा माझा. चिमणी नावानं ओळखली जाणारी एक बडबडी मुलगी नेहमी कुरकुरायची, "बाई, मला अर्धंच जग ऐकू येतं!"

म्हणून दुसऱ्या एका कचेरीनं वापरलेले पण चांगले संगणक दिले, तेव्हा वर्गात नुसता गोंगाट झाला. कचेरीनं आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून त्यांतल्या डिस्क काढून घेतल्या होत्या. बाईंना त्याची फिकीर नव्हती. "आपला म्हातारा आहे की!" त्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या. मित्रांनो, मी खोळीत मावेनासा झालो.

पण नव्यांनी हाक मारली, मी पत्ता दिला, फाइल दिली, आणि ते तोंडात गुळणी धरून बसले. एकही बोलेना.

त्या संगणकांसारखा मीही बोलका, त्यामुळे माझं म्हणणं बाईंना ऐकू येतं. पण संगणक पुरता सुरू होण्याआधी पडद्यावर जे उमटतं, ते मुकं असतं. ते वाचायला डोळेच लागतात. बाईंचा फोन साधा, बटणांचा; पडद्याचा फोटो काढून वाचून दाखवणारा नव्हे. त्यामुळे ते काम अप्पांचं.

"काय लिहिलंय, अप्पा?"

"एरर," अप्पा म्हणाले. "लाल अक्षरात. जोडणी नाही, असं काहीतरी."

बाईंनी सगळ्या तारा तपासल्या. टोकं कापून नवी बसवली. बाकाखाली रांगून रांगून त्यांची साडी मळली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अहो, तारा ठणठणीत आहेत, फाइल पोचतेय! पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मुलं जेवायला गेली होती आणि वर्ग शांत होता. बाईंनी पुन्हा एकदा विचारलं, "नीट बघा ना, कुठला शब्द आहे?" अप्पा पुढे सरकले. खुर्ची करकरली. आणि एक बारीकसा आवाज झाला, टक. अप्पांच्या चष्म्याची काच पडद्याच्या काचेला लागली होती.

बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं.

"अप्पा, तुम्हाला दिसत नाहीये ना?"

"दिसतंय की. जरा धुकं आहे."

"वर्गात कसलं धुकं?"

अप्पांनी चष्मा काढून पुसला. मग खाली मान घालून म्हणाले, "ती ओळ येते आणि लगेच जाते गं. मला धरता येत नाही. मी आपलं ठोकून दिलं."

"दोन दिवस मी तारा कापतेय, अप्पा!"

"चुकलंच माझं. पण तुला काय सांगू? तुझे डोळे म्हणजे मीच ना? तेच गेले म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं?"

मला वाटलं, बाई आता रडतील. पण त्या खुर्ची ओढून वडिलांच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला.

"मला भीती कसली दाखवता? दिसत नाही त्यात माझा जन्म गेलाय. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि आता खोटं नाही बोलायचं. ओळ पळते ना? मी परत परत सुरू करते. दरवेळी एकच शब्द धरा. पडद्याला नाक लावा हवं तर."

मग त्या बापलेकीचा खेळ सुरू झाला. बाई बटण दाबायच्या, संगणक मला हाक मारायचा, मी इमानेइतबारे फाइल द्यायचो, ओळ चमकून जायची.

"एफ. फाइल!"

"शाबास. पुन्हा."

"मोठा शब्द आहे. डाऊन... डाऊन काहीतरी."

"डाऊनलोडेड. पुन्हा."

"एस, यू, सी, सी..." अप्पा थबकले. "सक्सेस? अगं, हा तर पास झालाय म्हणतो!"

बाई खळखळून हसल्या. "म्हणजे ताट पोचलंय, यालाच जेवता येत नाहीये!"

त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. संगणकाला सुरुवातीला जागं करणारी एक छोटी आज्ञावली त्याच्या अंगातच असते. जुन्यांत ती बायोस नावाची, नव्यांत यूईएफआय नावाची. दोघांची भाषा वेगळी. मी मात्र सगळ्यांना एकच, जुन्या भाषेतली फाइल वाढत होतो. बाईंनी नव्या भाषेतली फाइल मिळवली आणि जुनीच्या जागी ठेवली. संध्याकाळी शाळा सुटता सुटता पहिला नवा संगणक बोलला, "नमस्कार, मी तयार आहे." अप्पांनी त्याला उलट नमस्कार केला.

मित्रांनो, आनंद रात्रभरच टिकला. सकाळी मुलांनी जुने संगणक सुरू केले आणि सगळ्यांचा सूर एकच, पीप... आणि मग काहीच नाही. या वेळी ओळ पडद्यावर ठाण मांडून होती, अक्षरंही ठळक. अप्पांनी नाक लावून वाचली. "टू बिग, म्हणतोय. फार मोठं आहे म्हणे."

नवी फाइल जुन्यांच्या इवल्याशा घशाखाली उतरत नव्हती.

तेवढ्यात मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, दारात आले. स्वभावानं चांगले, पण पसाऱ्याचा त्यांना तिटकारा. "नवे चालतात ना? झालं तर मग. जुने काढून टाका. शनिवारी भंगारवाला येतोच आहे."

"सर, मग पुन्हा दोघांत एकच उरेल."

"पण दोन्ही एकदम चालतच नाहीत म्हणता ना?"

"ते अजून मी म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या.

चिमणी मागून ओरडली, "सर, माझा दुसरा कान कधी मिळणार?" सर खोकले. "शनिवारपर्यंत बघा," म्हणाले आणि गेले.

बाईंनी माझ्याकडून जाडजूड माहितीपुस्तिका मोठ्यानं वाचून घेतली. ऐकता ऐकता एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. संगणक पहिली हाक मारतो, तेव्हाच आपण कुठल्या प्रकारचे आहोत हेही एका आकड्यात सांगतो, असं ते वाक्य होतं. मला ते रोज ऐकू येत होतं, मित्रांनो! पण त्याकडे लक्ष दे, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाईंनी जुनी फाइलही परत आणून नवीच्या शेजारी ठेवली. मग माझ्या आज्ञांमध्ये थोड्याच ओळी लिहिल्या. हाक आली की आधी आकडा बघ. नव्या प्रकारचा असेल तर ही फाइल दे, नाहीतर ती दे. एक स्वल्पविराम चुकला, मी तक्रार केली, त्यांनी जीभ चावून तो दुरुस्त केला.

शुक्रवारी सगळी मुलं आपापल्या खुर्चीवर बसली. कुणी कुणाचं निम्मं आसन अडवलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "दाबा."

एकदम इतक्या हाका मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. मी एकेकाचा आकडा बघत गेलो आणि ज्याचं त्याला देत गेलो. पंखा घरघरला, अंग तापलं. मग एका हेडफोनमधून आवाज आला, मग दुसऱ्यातून, मग "बोलला, बोलला!" असा मुलांचा गलका झाला की बाईंनी कानांवर हात ठेवले. फक्त चिमणीचा संगणक गप्प.

"माझाच का?" तिचा स्वर रडवेला झाला.

बाईंचा चेहरा उतरला. अप्पा चाचपडत गेले, मागे हात घातला आणि हसू लागले. "अगं ए, तो कधीचा बोलतोय! हेडफोनची तार भलत्याच भोकात खुपसलीस!" त्यांनी ती काढून बरोबर जागी घातली. चिमणीनं दोन्ही कानांवरून हात फिरवला आणि बराच वेळ गप्प बसली. ती गप्प बसलेली मी तेव्हाच पाहिली.

शनिवारी भंगारवाल्याला मोठ्या सरांनी एक मोडकं कपाट देऊन वाटेला लावलं.

अप्पांना मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत बाई त्यांचा कोपर धरून त्यांना शाळेत आणत. आता बसा आणि शिका, असं म्हणून त्यांनी अप्पांनाही हेडफोन लावले. अप्पा इतके चुकायचे की शेजारची मुलं खिदळायची. पुढे त्यांचे डोळे बरे झाले. पट्टी निघाल्यावर ते वर्गात आले, दारातच थांबले आणि लेकीकडे बघत राहिले.

"काय झालं, अप्पा?"

"तुझे केस पांढरे झालेत गं."

"अय्या, मला कुणी सांगितलंच नाही!" बाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

मित्रांनो, आता माझी एक विनंती ऐका. माझ्यावर पाण्याचा ग्लास ठेवू नका. मधूनमधून खोळ काढून पंख्यातली धूळ झटका, म्हणजे मी अजून बरीच वर्षं टिकेन. आणि घरात नवी वस्तू आली, नवं माणूस आलं, म्हणून जुन्याला दाराबाहेर काढायची घाई करू नका. दोघांची गरज सारखी नसते, एवढंच. ज्याची त्याला विचारा. विचारायला क्षणभर लागतो. मी तर दिवसभर तेच करतो, आणि माझं उत्तम चाललंय.