जेवल्यावर पाण्यात जाऊ नये

पीचची कोय ओरियानोच्या तळहातावर होती आणि तिच्या खोबणीत एक तांबूस धागा अजून अडकलेला होता. तो त्याने दातांनी ओढून काढला, चोखला, गिळला. आता संपलं खाणं, म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं... आणि पोटावर हात ठेवून, शेजारच्या छत्रीखाली ऐकू जाईल अशा बेताने, तो म्हणाला, "झालं. आता इतक्यात पाण्याचं नाव नको."

कुणी हसलं नाही. का हसावं? पोटात अन्न असताना समुद्रात उतरायचं नाही, तीन तास थांबायचं, हे इथे प्रत्येकाला आईने थोबाडीत देऊन शिकवलेलं असतं. देव न मानणारे आहेत, लग्न न मानणारे आहेत, सरकारला तर कुणीच मानत नाही, पण पचनाला सगळे मानतात. दुपारी सगळा किनारा छत्र्यांखाली आडवा होऊन पचन करत असतो. समुद्र मोकळा, नुसता लखलखत पडलेला, आणि त्यात फक्त जर्मन.

ह्या पचनावरच तर त्याने आल्यापासूनचे दिवस काढले होते. सकाळी पाव-जॅम. तो पचत येतोय तोवर जर्दाळू. मग पियादीनाचा, इथल्या पातळ रोटीचा, तुकडा, मग हे पीच. घड्याळ संपत आलं की तोंडात काहीतरी टाकायचं, की ते परत सुरू. आपल्या हुशारीचं त्याला कौतुक वाटत होतं. भट्टीवर चाळीस वर्षं काढली, मुकादम आले नि गेले, त्यातल्या एकालाही आपण कधी सापडलो नाही — तर हे छत्रीवाले काय पकडणार!

समोर, पाण्यात बरंच आत, तो बांध. लाटा अडवायला टाकलेल्या खडकांची रांग. दर वर्षी ओरियानो तिथवर पोहत जायचा, वर चढायचा, एक हात उंच करायचा. आणि इकडे तिसऱ्या रांगेतून त्याची बायको नीवेस आपली हॅट काढून हलवायची. बस. एवढंच. मूर्खपणाच म्हणायचा, पण लग्नाच्या उन्हाळ्यापासून चालत आलेला. सासुओलोच्या फरशीच्या कारखान्यात वर्षभर भट्टीपुढे भाजून निघणाऱ्या माणसाला ऑगस्टमधला हा पंधरवडा मिळतो, आणि त्यात एक क्षण असा, की आपण दगडावर उभे आहोत आणि लांबून एक बाई हॅट हलवतेय. ह्यापेक्षा जास्त जगाने मला काय दिलंय? आणि ह्यापेक्षा जास्त मागितलं होतं कुणी?

पण मार्चमध्ये, घरचा जिना चढताना, दुसऱ्या मजल्यावर... श्वास संपला. लागला वगैरे नाही, संपलाच. छातीत कुणी ओली वाळू भरल्यासारखं. तो खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधत बसला. बुटाला नाड्या नव्हत्या. मागून नीवेस पिशव्या घेऊन येत होती, तिने काही पाहिलं नाही. त्यानंतर दोनदा, तीनदा तसंच.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे काय होतं ते त्याला माहीत होतं. डॉक्टरांचं सोडा, ते पाठीला कान लावतात आणि फीपुरतं बोलतात. घरात काय होतं ते महत्त्वाचं. बापाच्या वेळी त्याने पाहिलं होतं. आई बापाशी जन्मभर भांडली, जिन्यात आवाज जाईल असं भांडली. बाप आजारी पडला आणि त्याच आठवड्यात ती गोड बोलायला लागली. सूप आलं. शाल आली. "असू दे, असू दे" आलं. बाप त्यानंतर दोन वर्षं जगला, पण ओरियानोच्या हिशेबी आईने भांडण सोडलं त्याच दिवशी तो गेला होता.

आणि नीवेस सोडेल? ही नीवेस?

तासभर तो कोय मुठीत धरून बसला होता, आणि आता ती छत्र्यांच्या रांगांमधून येत होती, कार्पीच्या लोकरी कपड्यांच्या कारखान्यात यंत्रांवर ओरडून कमावलेला आवाज पुढे पाठवत. छत्र्या लावणाऱ्या मोरेनोला ती झापत होती: "मोरेनो, सूर्य काय तुझ्या सासऱ्याचाय? छत्री त्या बाजूला कलव! मी भाडं सावलीचं देते, काठीचं नाही!" आणि मोरेनो, दोन मुलांचा बाप, "हो मावशी, हो मावशी" करत काठी उपटत होता. ओरियानोने मान खाली घालून हसू लपवलं. चौतीस वर्षं झाली तरी हे लपवावं लागतं. बाई दिसायला बुटकी, खांद्याने रुंद, पोहण्याच्या पोशाखावर शर्ट त्याचा. पण ती चालत आली की वाळू जागा करून देते.

परवा तर तिने हार्टमुटला पकडलं. शेजारच्या छत्रीतला जर्मन, पन्नाशीचा, उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. डिशभर मॅकरोनी संपवून सरळ पाण्याकडे निघालेला. नीवेसने पळत जाऊन त्याचं मनगट धरलं. "कुठे? पोटात गोठून मरायचंय? तुला आई नाही?" त्याला एक शब्द कळला नाही. पण ह्या जगात काही आवाज असे असतात की त्यांना भाषा लागत नाही. तो मुकाट्याने येऊन खुर्चीत बसला. तेव्हापासून रोज दुपारी तो त्यांच्याबरोबर पचन करतो, गंभीर चेहऱ्याने, आणि वेळ संपली की नीवेसकडे बघतो. तिने मान हलवली की उतरतो. अख्ख्या जर्मनीला जे शहाणपण सुचलं नाही ते हिने एका मनगटावर उरकलं.

"काय बघतोस बैलासारखा?" ती म्हणाली. "कोय टाक ती. खोलीमालकिणीच्या ओव्हनमध्ये लासान्या ठेवलाय, मी आणते. आज फेरागोस्तो आहे, वर्षाचा सण, आज तरी शर्ट इस्त्रीचा घाल."

"समुद्रावर इस्त्री?"

"सणाला समुद्र असला काय नि स्मशान असलं काय!"

गेली. आणि ती गेल्याबरोबर, जणू ह्याचीच वाट पाहत होता, पहिल्या रांगेतून लोरिस आला.

लोरिस हा बोलोन्याचा जमीन मोजणारा. लोकांच्या भिंती दुसऱ्याच्या हद्दीत नेऊन त्याने पहिल्या रांगेतली छत्री मिळवली असं ओरियानोचं मत, आणि ते तो कुणालाही सांगायला भीत नसे. यंदा लोरिसने छातीवरचे केस काढले होते, आणि मनगटावर, पोहताना हात किती वेळा मारला ते मोजणारं घड्याळ बांधलं होतं.

"काय पैलवान," लोरिस मोठ्याने म्हणाला, "यंदा बांध लांब सरकवलाय का कुणी?"

"पचतंय."

"आल्यापासून? दगड खाल्लास?"

आता हसले. तीन-चार छत्र्या हसल्या. लोरिसची बायको विल्मा वर्तमानपत्राआडून हसली.

"पीच खाल्लंय," ओरियानो म्हणाला.

"पीच?" लोरिसने हात पसरले. "ऐका हो! फळ म्हणजे जेवण नाही. फळ म्हणजे पाणी. फळाला एक तास. विल्मा, तुझी आई फळाला किती सांगायची?"

"एक," विल्मा म्हणाली. नाइलाजाने, पण खोटं कसं बोलणार?

"झाला की एक तास! चल मग. जेवणाआधी, तू आणि मी, बांधापर्यंत. जो मागे राहील त्याने सगळ्यांना कलिंगड कापून वाढायचं, बायकांचा एप्रन बांधून."

ओरियानोच्या तोंडाने म्हटलं, "चल."

तोंडानेच. बाकीच्या अंगाला विचारलं नव्हतं. त्याने शर्ट काढला, वाळूत टाकला... पाय भाजत होते आणि ते भाजणं बरं वाटत होतं, निदान एक गोष्ट अशी होती की जिच्याकडे लक्ष देता यावं. त्याने बांधाकडे पाहिलं. अर्ध्यापर्यंत जाईन. अर्ध्यावर ती ओली वाळू येईल. तिथे खाली जमीन नाही. तिथे वाकून नाडी बांधता येत नाही... परत फिरावं? पोटात कळ आली म्हणावं? सगळे बघतायत. आणि ती येईल तेव्हा मी पाण्यात असेन, किंवा मोरेनो होडी ढकलत असेल, आणि ती ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या माणसाकडे त्या नजरेने बघेल. सूप. शाल. असू दे, असू दे. — आणि गंमत म्हणजे तरीही त्याचे पाय पाण्याकडे चालत होते. पुरुषाला घडवणाऱ्याने बाकी काय दिलं नसेल ते नसेल, पण मूर्खपणा ठासून भरलाय.

पाणी घोट्याला लागलं.

"ओरियानो!"

मागून नीवेस येत होती. चालत नाही, पळत. हातात कापडात धरलेला गरम ट्रे, पायात काही नाही, आणि बाराच्या उन्हात तव्यासारख्या तापलेल्या वाळूवरून ती पोरीसारखी पळत आली, पाण्याच्या कडेला थांबली, आणि काट्यावरचा वाफाळता घास त्याच्या तोंडासमोर धरला.

"मीठ बघ."

त्याने तोंड उघडलं. चौतीस वर्षांची सवय. घास आत गेला, जीभ भाजली, गिळला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"अगं बाई!" नीवेसने काट्याचा हात कपाळावर मारला. "खाल्लंस की रे तू! माझंच मेलीचं चुकलं. आता कसला उतरतोस?"

"एक घास!" लोरिस ओरडला. तो कमरेपर्यंत पोचला होता. "एक घास खाल्लाय त्याने!"

"लासान्याचा घास आहे, सर्व्हेयरसाहेब. मांस आहे त्यात, लोणी आहे, दूध आटवून घातलंय. ते काय पीच आहे? मला सणाच्या दिवशी विधवा करायचंय तुम्हाला?"

लासान्याला तीन तास. इथे वाद नव्हता. वर्तमानपत्र बाजूला झालं आणि विल्मा, आजवर ज्या विल्माने नवऱ्याला चारचौघांत कधी टोकलं नव्हतं ती विल्मा म्हणाली, "लोरिस. बाहेर ये. काही झालं तर मी ह्या बाईला तोंड काय दाखवू?"

हार्टमुटने उभं राहून तीन बोटं वर केली. "तीन तास," तो इथल्या भाषेत म्हणाला. तेवढीच त्याला येत होती.

लोरिस बाहेर आला.

आणि नीवेस ओरियानोकडे वळून म्हणाली, "आणि तू! तोंडासमोर येईल ते गिळायचं, डोकं नावाची वस्तू काय टोपीसाठी दिलीय? शर्ट बघ कुठे टाकलाय. इस्त्रीचा घाल म्हटलं, आणि हा वाळूत!" आणि ट्रे घेऊन छत्रीकडे निघाली.

तो तिथेच उभा राहिला, घोटाभर पाण्यात.

मीठ. भाजून झालेल्या लासान्याचं मीठ कोण बघतं? बघून करणार काय? आणि ही बाई, हिने उभ्या आयुष्यात कुणाला मीठ विचारलं नाही, मिठाबद्दल कुणी बोललं तर बोलणाऱ्याला जेवण मिळत नाही... मग पीच. पीच कुणी दिलं होतं? त्याने स्वतः घेतलं होतं, पण पिशवीत वर कुणी ठेवलं होतं, धुऊन, पुसून? जर्दाळू? परवा तो पाण्याकडे बघत असताना पियादीनाचा तुकडा "उरलाय, संपव" म्हणत कुणी पुढे केला होता?

आणि गुडघा. मार्चपासून नीवेसचा गुडघा दुखत होता. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर ती थांबायची, पिशव्या खाली ठेवायची, शेजारणीच्या कुंड्यांबद्दल काहीबाही बोलत राहायची. रोज. आणि तो, श्वास परत येईपर्यंत कठड्याला टेकून, तिला चिडवायचा: म्हातारे, तुला आता पाळण्यात घालून वर न्यायला हवं! तीही चिडायची. काय चिडायची! एकदा तर बटाट्याची पिशवी त्याच्या पायावर टाकली होती.

तो गुडघा आत्ता तापलेल्या वाळूवरून पळत आला होता.

त्याला राग यायला हवा होता. मला खेळवलं. मला, ज्याला मुकादम पकडू शकले नाहीत. पण राग शोधायला गेला तर हाताला दुसरंच लागलं: मार्चपासून, म्हणजे माहीत झाल्यापासून, ती त्याच्याशी भांडत होती. खिडक्यांवरून, टीव्हीवरून, त्याच्या बहिणीच्या मुलाच्या लग्नावरून. पूर्ण जोराने. एकदाही हात राखून नाही. सगळं माहीत असताना. असं भांडायला किती ताकद लागत असेल... भट्टीपुढे उभं राहणं त्यापुढे काय!

दुपारी, जेवणं झाल्यावर, किनारा आडवा झाला. बायकांचं मात्र वेगळं. त्या हॅट घालून कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभ्या राहतात, किनाऱ्याकडे तोंड करून, आणि संध्याकाळपर्यंत बोलतात. कमरेपर्यंत चालतं, पोट कोरडं राहिलं की कायदा मोडत नाही. ओरियानोने जन्मभर ह्या उभ्या सभेची टिंगल केली होती.

"ए," नीवेसने तिथून हाक मारली. "काय एकटा लोळतोस? ये इकडे."

तो गेला. विल्मा सुनेबद्दल सांगत होती. त्याच्याकडे न बघता तिने एक पाऊल सरकून जागा दिली. पाणी कोमट होतं. बांध पाठीमागे होता.

थोड्या वेळाने नीवेस, पुढे बघत, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "सप्टेंबरात डॉक्टरकडे जाईन म्हणते. गुडघा दाखवायला."

"कुठला?"

"डावा."

मार्चमध्ये तो उजवा होता.

"एकटीला तिथे बसून कंटाळा येतो," ती म्हणाली. "आणि हो म्हणायचं असलं तर आत्ताच म्हण, नंतर तुझी नाटकं नकोत." आणि लगेच विल्माकडे वळून, "मग? काय म्हणाली ती सटवी?"

ओली वाळू ओरियानोच्या छातीत होती तिथेच होती. फक्त ती आता त्याची एकट्याची राहिली नव्हती. कुणीतरी न विचारता त्यात हात घातला होता आणि ह्याचा तरी, निदान ह्याचा तरी, राग यायलाच हवा होता. येईल, त्याला वाटलं. बायकांमध्ये, कमरेइतक्या पाण्यात, तो त्याची वाट बघत उभा राहिला.