मिस आर्डेलाच्या कागदाची मागची बाजू

डेट्रॉइटच्या आमच्या भागात एके काळी कविता सुट्या कागदांवर छापून वाटायचे. एका कागदावर एकच कविता. चर्चच्या दारात, न्हाव्याच्या दुकानात, कारखान्याच्या फाटकाशी त्या मिळायच्या आणि लोक त्या घरी नेऊन भिंतीला लावायचे. पुढे घरं पडली आणि भिंतींबरोबर कविताही गेल्या. उरलेले कागद शोधायचे, दुरुस्त करायचे, जपायचे, हे ग्रंथालयातलं माझं काम. चौदा वर्षं मी ते करत होते. ‘मॅक्सीनचा हात हलका आहे,’ असं लोक म्हणायचे आणि ते मलाही खरं वाटायला लागलं होतं.

१९८४च्या सप्टेंबरात मिस आर्डेला पेटवे एक कागद घेऊन आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेला. त्यांचा धाकटा भाऊ ल्यूशियस दिवसा लोखंडाच्या ओतशाळेत राबायचा आणि संध्याकाळी चर्चच्या तळघरात हाताने खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून कविता छापायचा. तो जाऊन तेरा वर्षं झाली होती. त्याने छापलेला हा एकच कागद आता शिल्लक होता. त्यांच्या घरच्या स्वयंपाकघरात राहून तो तेलकट झाला होता आणि मागून जाड पुठ्ठ्याला चिकटवलेला होता.

“पुठ्ठा मीच लावला, कणकेची खळ करून,” त्या म्हणाल्या. “मागच्या बाजूला ल्यूशियसने मला लिहिलंय. आईच्या अंत्यविधीला तो उशिरा आला म्हणून दोन वर्षं मी त्याच्याशी बोलले नव्हते. मग त्याने पाद्रीबाबांच्या हाती हे पाठवलं. दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून मी ती बाजू आत घातली. तू पुठ्ठा काढशील ना, तेव्हा मला बोलव, पोरी. एकदा बघायचंय.”

“बोलवते,” मी म्हटलं.

शुक्रवारी आमच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि हा कागद मधोमध लागणार होता. पुठ्ठा कोरडाच, पापुद्रा पापुद्रा करून काढायचा तर तीन दिवस जातात. माझ्याकडे एक होता. छापाची शाई तेलाची, ती पाण्याला दाद देत नाही, हे मी तपासलं. मागच्या लिखाणाचं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण म्हाताऱ्या माणसांनी आणलेल्या प्रत्येक कागदामागे काही ना काही गोष्ट असतेच, असं मी मनाशी म्हटलं आणि कागद कोमट पाण्याच्या ताटात सोडला.

खळ सुटली, पुठ्ठा वेगळा झाला आणि पाणी निळं होत गेलं. मी घाईने कागद उलटा केला. सहा-सात ओळींच्या जागी नुसते निळे फराटे होते. बघता बघता तेही गेले. मी ताट मोरीत रिकामं केलं आणि आधी मागे वळून पाहिलं, कुणी बघतंय का.

शुक्रवारी मिस आर्डेला जांभळी टोपी घालून आल्या, बरोबर भाची क्लॉडेट. “बोलावलं नाहीस ते,” त्या म्हणाल्या. “मागचं वाचता येतंय ना?”

आजूबाजूला माणसं होती. माझे वरिष्ठ शेजारीच उभे होते. मी म्हटलं, “मागे काही नव्हतं, मिस आर्डेला. कोराच होता.”

“कोरा?”

“हो.”

त्या कागदाजवळ गेल्या. क्लॉडेटने त्यांचा दंड धरला. “आत्या, दुसरं कुठलं तरी पत्र असेल. तुझा गोंधळ होतोय.”

“असेल,” त्या हळूच म्हणाल्या.

मार्चमध्ये क्लॉडेट मला किराणा दुकानात भेटली. मी सहज आत्यांची चौकशी केली. “उतरण लागली बघ,” ती म्हणाली. “नसलेली पत्रं आठवतात. मी गाडीची किल्ली काढून घेतली, गॅसही बंद करून ठेवलाय. तुझ्या त्या कागदामुळेच आमच्या लक्षात आलं. आता तर तिचं तिलाच पटलंय. काही विचारलं की म्हणते, मला नका विचारू, माझं डोकं गेलंय.”

वर ती मला ‘थँक यू’ म्हणाली. मी सामान तिथेच सोडून बाहेर आले.

रविवारी चर्च सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. क्लॉडेट मक्याचा पाव कापत होती, मिस आर्डेला खुर्चीत बसल्या होत्या. मी बसले नाही. बसले असते तर उगाच हवापाण्याच्या गप्पा झाल्या असत्या.

“मागे लिहिलेलं होतं,” मी म्हटलं. “मी घाई केली. पाण्यात धुऊन गेलं. आणि तुमच्याशी खोटं बोलले.”

क्लॉडेटच्या हातातली सुरी थांबली. “अगं, लाज नाही वाटली तुला? सहा महिने मी हिला लहान मुलासारखं वागवतेय!”

मिस आर्डेलांनी तिला हाताने गप्प केलं. “पाण्याचा रंग कसा झाला होता?”

“निळा.”

“निळीच शाई वापरायचा तो,” त्या म्हणाल्या. ताठ बसल्या. “क्लॉडेट, माझी किल्ली आण.”

मी वही काढली. “तुम्हाला आठवतंय तेवढं सांगा. मी लिहून कागदाबरोबर ठेवते.”

त्यांनी डोळे मिटले. “‘आर्डेला, तू बोलत नाहीस म्हणून हे छापलं. खिळे जुळवताना...’” त्या थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडल्या. ओठ नुसते हलत राहिले.

“त्या शुक्रवारी विचारलं असतंस,” त्या म्हणाल्या, “तर स्वल्पविरामासकट म्हणून दाखवलं असतं. रोज रात्री म्हणायचे. तू कोरा म्हणालीस तेव्हापासून म्हणायचं सोडलं. वेडी बाई काहीतरी पुटपुटते, असं आपलंच आपल्याला वाटायला नको म्हणून.”

मी वही मिटली.

“आता जा,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पुन्हा ये, असंही त्या म्हणाल्या नाहीत.

सोमवारी मी वरिष्ठांना सगळं सांगितलं. “नोंदीत ‘दुरुस्तीत मजकूर नष्ट झाला’ एवढं पुरे,” ते म्हणाले. मी माझ्या नावासकट लिहिलं: मॅक्सीन टॉलिव्हर हिने मागची शाई न तपासता कागद धुतला आणि मालकिणीला मागची बाजू कोरी असल्याचं खोटं सांगितलं. खाली मिस आर्डेलांना आठवलेलं ते दीड वाक्य. मे महिन्यापासून कागद ओले करण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं. ते काढून घ्या, असं मीच सांगितलं होतं म्हणा.

मिस आर्डेलांना नंतर मी एकदाच पाहिलं. चर्चसमोर त्या आपली गाडी स्वतः उभी करत होत्या. मला पाहून त्यांनी मान हलवली. ओळखीच्या कुणालाही हलवावी, तेवढीच. मी पलीकडच्या फुटपाथवर गेले.