भुलग्याची जागा

“इंजिन बंद कर,” सुभद्रा म्हणाली.

स्वरूपने मागे वळून पाहिलं. “आते, पूल पण अजून नीट मागे पडला नाय.”

“बंद कर म्हनते ना. आवाजाला तो येत नाय.”

इंजिन थांबलं. सुभद्राच्या भाच्याच्या त्या होडीत दुर्बीण गळ्यात अडकवून बसलेली आकांक्षा भुलग्याचा अभ्यास करत होती. डॉल्फिनचाच भाऊबंद, पण फार लाजाळू. पाठीवर पर नाही, उड्या नाहीत. श्वासापुरता वर येतो आणि बुडतो. वर्षभरात तिला तो एकदाही दिसला नव्हता. दादरच्या मासळी बाजारात ती विचारत फिरत होती, तेव्हा बोंबलांच्या पाटीमागून सुभद्रा सहज बोलून गेली होती, “मला ठाव हाय त्याची जागा.”

ठाऊक होती ती बापामुळे. भाऊ लहान होता तोवर बाप तिलाच होडीत घ्यायचा. तेराव्या वर्षी ती शहाणी झाली आणि होडी बंद झाली. त्यानंतर पन्नास वर्षं पाण्यातून आलेलं तिने विकलं. पाण्यावर मात्र गेली नाही. कोणी नेलं नाही, तिने मागितलं नाही.

“किल्ल्याचा बुरूज गिरणीच्या चिमणीखाली आला का थांबायचं, असा बाबा बोलायचा,” ती म्हणाली.

“कुठली चिमणी? पाडून जमाना झाला.”

किल्ल्यामागे किनाऱ्यावर नुसते काचेचे टॉवर होते. ती बघत राहिली. मग दोन टॉवरांमधल्या रिकाम्या आभाळाकडे तिने बोट केलं. “तिथं होती. वल्हं मार, जरा उत्तरेला घे.”

तास गेला. ऊन चढलं. आकांक्षा हळूच म्हणाली, “मावशी, आज नसेल तर राहू दे.”

“बस गो. मी पन्नास वर्सं बसले.”

आणि तिच्या बाजूला पाण्याने श्वास टाकला. झोपेत कूस बदलताना माणूस टाकतो तसा. करडी, गुळगुळीत पाठ वर आली, गेली. आकांक्षाची नजर दुसरीकडे होती. सुभद्राने तोंड उघडलं नाही. पाठ पुन्हा आली. तिसऱ्या वेळी तिने आकांक्षाच्या गुडघ्याला हात लावला.

आकांक्षाने वहीत वेळ लिहिली. “आधी आला होता का, मावशी?”

“दोनदा.”

“मग सांगितलं का नाहीत?”

सुभद्रा पाण्याकडेच बघत होती. “थोडा माझा पन हाय तो.”

आकांक्षाने वेळेपुढे दोनाचा आकडा लिहिला आणि हातातल्या यंत्राचं बटण दाबून जागा नोंदवली.

धक्क्यावर उतरताना सुभद्राने विचारलं, “उद्या किती वाजता?”

स्वरूपने दोर बांधला. “उद्या हिच्या ऑफिसची चार माणसं येतायत, आते. होडीत जागा नाय. आनि तू कशाला दगदग करतेस? जागा मशीनमधे आली ना आता.”

आकांक्षाने मान खाली घातली. “मावशी, मी पुढच्या वेळी...”

“बरं,” सुभद्रा म्हणाली आणि पदर खोचून चालू लागली.

संध्याकाळी ती बाजारात पाटीमागे बसली. समोरची बाई दुसऱ्यांदा बोंबलाचा भाव विचारत होती. अंगाखालची फरशी अजून होडीसारखी हलकेच वर-खाली होत होती. सुभद्राने पाटीची कड दोन्ही हातांनी धरली आणि ते थांबेपर्यंत सोडली नाही.