छत्रीच्या डोळ्यातला चहा

टीव्हीवर निळी पाटी आली: सिग्नल नाही.

"आजच या टीव्हीच्या छत्रीला धाड भरायची होती!" दाम्बा करवादला आणि केरसुणी घेऊन तंबूबाहेर पडला. मंगोलियाच्या त्या माळावर बर्फ थांबायचं नाव घेत नव्हता. तिकडे जपानात मुलाची, गालसानची, सुमो स्पर्धेतली अखेरची कुस्ती थोड्याच वेळात होती. वस्तादानं बजावलं होतं, आज जिंकलास तर राहा. हरलास तर हा दुखरा गुडघा घेऊन घरी जा.

गालसानची आई नोरोव चुलीत शेणी सारत राहिली. थंडीनं मेंढ्या मेल्या तेव्हापासून तिचं हे असंच. तंबूमागे त्यांची रास लाकडांसारखी रचलेली. तिच्याजवळून ती रोज ये-जा करी, पण तिला काही म्हणजे काही वाटत नसे.

दाम्बानं छत्री झाडली. बर्फ चिकटू नये म्हणून मेंढीची चरबी चोळली.

"चित्र आलं का?"

"नाही."

"आता?"

"निळंच आहे."

"नीट बघ की म्हातारे! नुसती नाही नाही!"

बर्फ तर गेला, मग अडलं कुठं? त्यानं छत्रीपुढच्या दांडीवरचा, सिग्नल टिपणारा डोळा निरखला. त्यावर पांढरा थर होता. नखानं खरवडून त्यानं जिभेवर ठेवला. खारट, दुधाळ.

"अगं, बाहेर ये! हा तुझा चहा!"

मीठ घातलेला दुधाचा पहिला चहा रोज सकाळी पळीनं आभाळाला उडवायचा आणि मागणं मागायचं, ही तिथल्या बायकांची रीत. मुलगा गेला त्या दिशेला नोरोव तो उडवायची. मागे वादळात छत्री पडली, तेव्हा दाम्बानं ती नेमकी तिथंच आणून रोवली होती. रोजचा शिंतोडा साचत साचत आज डोळा पुरता झाकला गेला.

"आभाळाला पाजता पाजता छत्रीला पाजलास की!" दाम्बाला हसू फुटलं. तिला नाही. हातमोजे काढून त्यानं डोळा तळव्यांत धरला. "बरं, मागायचीस काय? पोरगा जिंकू दे, हेच ना?"

नोरोव म्हणाली, "घरी येऊ दे, म्हणायची."

दाम्बाचं हसू विरलं. थर वितळून बोटांवरून ओघळला आणि आतून टीव्हीवरच्या लोकांचा गलका ऐकू आला.

दोघं आत धावली. गालसान आखाड्याबाहेर पडला होता. उठायला गेला, गुडघ्यानं दगा दिला. तिथल्या दोघा मल्लांनी त्याला काखेत हात घालून नेलं.

"घे. ऐकलं तुझं आभाळानं," दाम्बा म्हणाला. आवाजात रागही नव्हता. "येईल आता. पण राखेल काय इथं?"

आपल्याला आता रडू येईल, म्हणून नोरोव वाट बघत बसली. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा उकळला आणि पहिली पळी भरून दाराबाहेर नेली. पुढं छत्री, मागं मेंढ्यांची रास.

"उडव की लवकर," आतून दाम्बा ओरडला. "इथं घसा सुकलाय!"

आता मागावं काय, तिला कळेना. पळीतल्या चहावर साय धरली, मग बर्फ. नोरोव तिथंच उभी होती.